चार रेघा आणि आपली भीड

प्रश्न : गेले चार महिने दर बुधवारी मी एका समुपदेशक ताईंकडे जाते. गेल्या गेल्या त्या एका कागदावर चार रेघांवर खुणा करायला सांगतात, निघताना पुन्हा तसाच दुसरा कागद. हॉटेलात बिलासोबत फॉर्म देतात ना, तसं वाटतं. ताई स्वभावाने फार चांगल्या आहेत, म्हणून निघतानाच्या खुणा मी सगळ्या उजव्या टोकाला करते. खरं सांगायचं तर हल्ली फरक पडत नाहीये. पण त्यांच्या तोंडावर कसं बोलू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मीही समुपदेशकच. माझ्या टेबलाच्या खणात एक फूटपट्टी कायम असते, ती याच रेघांसाठी. प्रत्येक रेघ १० सेंटिमीटरची. तुम्ही गेल्यावर ताईही बहुधा पट्टी लावून खुणा मोजत असतील. पहिला कागद तुमच्या आठवड्याचा : स्वतःचं कसं, घरच्यांशी कसं, बाहेर आणि कामावर कसं, एकूण कसं. दुसरा कागद मात्र ताईंचा आहे. ऐकून घेतलं का, हव्या त्या विषयावर बोलणं झालं का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. त्याची बेरीज ४० पैकी ३६ च्या खाली आली की आम्ही विचारायचं, काय राहिलं? स्कॉट मिलर, बॅरी डंकन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कागद मुद्दाम मिनिटभरात भरून होतील इतके छोटे ठेवले.

आता तुम्ही दर बुधवारी ४० पैकी ४० देताय, म्हणजे ताईंच्या हातात कोराच कागद.

आमचा स्वतःचा अंदाज काही भरवशाचा नसतो हो. २००५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५० जणांपैकी कोणाची तब्येत उपचारादरम्यान बिघडेल, हे थेरपिस्टांना विचारलं होतं. त्यांनी तिघांची नावं दिली. बिघडली ४० जणांची, आणि त्या तिघांपैकी एकच त्यांत होता.

माझंही तेच झालं. बँकेत काम करणारे एक गृहस्थ यायचे, झोप उडालेली. मी चार सत्रं ऑफिस, टार्गेट, साहेब यांतच फिरत होते आणि मनात म्हणत होते, छान चाललंय. त्यांच्या खुणाही तुमच्यासारख्याच उजवीकडे. पाचव्या वेळी ‘हव्या त्या विषयावर’ची खूण साडेसहावर आली. कागद त्यांच्यासमोर धरला, म्हटलं, “हे साडेतीन कुठे गेले?” बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही दर वेळी ऑफिसचंच विचारता. मला वडिलांबद्दल बोलायचं होतं.” इतके दिवस भिडेपोटी गप्प! मला वाईट वाटलंच, नाही कशाला म्हणू? पण खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

एखाद्या आठवड्यात पहिल्या कागदावरची खूण घसरली तर घाबरू नका. घरी आजारपण असतं, मुलांच्या परीक्षा असतात. चार महिने रेघ जागची हललीच नसेल, तर मात्र विषय बदलावा, पद्धत बदलावी, सत्रं जवळ घ्यावीत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं की दुसऱ्या समुपदेशकांकडे जावं, हे उघड बोलायलाच हवं. यात ताईंचा अपमान नाही. आणि कधी नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली हातात आली, तर मरणाच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला भिडेने ‘अजिबात नाही’ लिहू नका. तिथे खरंच लिहा, आणि तसे विचार येत असतील तर बुधवारची वाट न पाहता त्याच दिवशी ताईंना किंवा डॉक्टरांना सांगा.

ताई कागद न बघताच फाइलला लावत असतील, तर मग चूक त्यांची. सरळ विचारा, “याचं पुढे काय करता?”

बोलवत नसेल तर येत्या बुधवारी फक्त एक खूण खरी करा, जिथे सगळ्यात जास्त खुपतंय तिथली. कागद देताना त्या रेघेवर बोट ठेवा आणि म्हणा, “ताई, हे आधीच सांगायला हवं होतं.”