इलेक्ट्रिक मोटार आत्ता घ्यावी की हायड्रोजनच्या मोटारीसाठी थांबावे?

रोजचे चाळीस किलोमीटर जाणे-येणे आहे, पाच-सहा वर्षांत हायड्रोजनच्या मोटारी येणार असे ऐकतो, तर थांबावे का, असे आपण विचारले आहे. थांबू नये. हेच मी गेली काही वर्षे माझ्या थोरल्या साडूंना सांगत आलो आहे. मार्च 2022 मध्ये नितीन गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले, तेव्हा तो फोटो साडूंनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, "आता पाण्यावर गाड्या. तूपवाल्यांना यातले काय कळणार!"

तूपवाला म्हणजे मी. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजनच सोडावा लागतो, आणि आमच्या कारखान्यात तो विजेने पाणी फोडूनच तयार होत असे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, भर दुपारी, सिलिंडर भरण्याच्या जागेकडून फुसफुस ऐकू आली म्हणून मी तरातरा निघालो, तर फोरमनने दंड धरून मागे ओढले. त्यांनी झाडणाऱ्या बाईंच्या हातातला खराटा घेतला, तो पुढे धरून एकेक पाऊल टाकत ते व्हॉल्व्हकडे गेले, आणि हातभर अंतरावर खराट्याची टोके आपोआप पेटली. तिथे ज्वाळा होती आणि मला काहीही दिसले नव्हते, कारण हायड्रोजनची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. त्यानंतर हायड्रोजनच्या सिलिंडरचा डाव्या (उलट्या) आट्यांचा प्रत्येक नट मी साबणाचे पाणी लावून गळतीसाठी तपासू लागलो.

त्या लाल सिलिंडरचे वजन पन्नास किलोच्या वर असे आणि दीडशे बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट दाबाने, भरूनही आत वायू जेमतेम सहाशे ग्रॅम मावत असे. म्हणूनच मिराईत साडेपाच किलोंच्या आसपास हायड्रोजन बसवण्यासाठी कार्बन फायबरच्या टाक्या आणि सातशे बारचा दाब लागतो, आणि तेवढ्या दाबाने भरून देणारा पंप गल्लीच्या कोपऱ्यावर उभा करणे हे पेट्रोल पंपासारखे सोपे काम नाही. कॅलिफोर्नियात शेलने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप 2024 मध्ये बंद केले.

विजेचा हिशेब तर साडूंनी कधी ऐकूनच घेतला नाही. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज जाते, दाबून भरायला आणखी काही युनिट जातात, आणि त्या किलोवर मोटार साधारण शंभर किलोमीटर धावते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर मोटार तीनशेच्या पुढे जाते. पाणी हे इंधन नव्हेच. ते हायड्रोजन जळून झालेली राख आहे, आणि राखेतून पुन्हा लाकूड करायचे तर खर्च येणारच.

हायड्रोजन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण यांना तो आजही लागतो, मात्र तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढलेला असतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे (हरित म्हणजे स्वच्छ विजेने पाणी फोडून केलेला) 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे उद्दिष्ट मुख्यतः अशाच कामी यावे, असे माझे मत आहे. ठरलेल्या मार्गावरून फिरून एकाच डेपोत परतणाऱ्या जड वाहनांचेही गणित कदाचित जमेल. केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी केलेली फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून चालणारी, बस पुण्यात ऑगस्ट 2022 मध्ये दाखवलीही गेली. खराट्याची गोष्ट वाचून मोटारीच्या स्फोटाची भीतीही बाळगू नये, कारण हा वायू हलका असल्याने उघड्यावर झटकन वर निघून जातो. माझा आक्षेप खर्चाला आहे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती: आपल्या पार्किंगमध्ये रात्री चार्जिंगची सोय होणार आहे, असे मी धरून चाललो आहे. ती नसेल तर पैसे भरण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. साडूंच्या सोसायटीत चार्जर बसून दीड वर्ष झाले आहे, आणि त्याच्या शेजारच्याच जागेत त्यांची जुनी डिझेलची मोटार उभी असते.