चित्रकला अजिबात येत नसेल तरी रोज स्केचिंग केल्याने मन शांत होतं का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळा सुटल्यापासून हातात पेन्सिल धरलेली नाही, मैत्रीण म्हणते रोज थोडं स्केचिंग कर, डोकं शांत होईल, पण काढलेलं बघून उलट चिडचिडच होते. तर आधी सरळ उत्तर देते: हो, उपयोग होतो, आणि त्यासाठी चित्र चांगलं यावं लागत नाही. मी चित्रकार नाही, कोल्हापुरात हिशेबाचं काम करते. गेली सहा वर्षं जवळजवळ रोज दहा-पंधरा मिनिटं काढते.

बाबांच्या गुडघेदुखीसाठी आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागायचं. आत त्यांचा पाऊण तास जायचा आणि बाहेर बाकावर माझा. मोबाइल बघून डोकं आणखीच भणभणायचं. एकदा पर्समध्ये जुन्या बिलाचा कागद सापडला. समोर दाराशी बाबांनी काढून ठेवलेली पायताणं होती, तीच बॉलपेनने काढायला घेतली.

ती कोल्हापुरी पायताणं मी कित्येक वर्षं रोज बघत होते, उचलून जागेवर ठेवत होते. पण काढायला लागले तेव्हा कळलं की एकाचा कान शिवणीपाशी सैल होऊन बाहेर कलला आहे. आतल्या चामड्यावर पाच बोटांचे काळपट ठसे आहेत, त्यात अंगठ्याचा सगळ्यात खोल. आणि डाव्या पायताणाची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजली आहे, उजव्याची मात्र सारखी आहे. म्हणजे बाबा किती दिवस तिरपं पाऊल टाकत होते! आतल्या मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी पायताण उलटं करून बघितलं आणि बाबांना चार फेऱ्या मारून चालून दाखवायला लावलं.

माझ्या चित्रात एक पायताण दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झालं होतं. पण त्या पाऊण तासात रिपोर्टची, खर्चाची, ऑफिसात काय म्हणतील याची एकदाही आठवण झाली नव्हती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की स्केचिंग म्हणजे मुळात बघणं. कागदावर जे उमटतं ती त्या बघण्याची नोंद.

आता तुमच्या चिडचिडीबद्दल. आठवा, लहानपणी आपण सगळ्यांनी एकच चित्र काढलंय: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचं झाड, एक नदी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्यांनी उभ्या जन्मात नारळ बघितला नव्हता त्यांनीही तो काढला. कारण आपण समोरचं बघून काढत नव्हतो, डोक्यात बसलेल्या खुणा कागदावर उतरवत होतो. मोठेपणीही हात तेच करतो. डोळा म्हटलं की बदाम, कप म्हटलं की वर एक लंबगोल. समोरचा कप वेगळा दिसतो, डोक्यातला वेगळा असतो, आणि त्या ओढाताणीत माणूस म्हणतो, ‘मला येत नाही.’ त्यात अनेकांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड चिकटलेल्या असतात. मला एलिमेंटरीला ‘क’ मिळाला आणि पुढे वीस-बावीस वर्षं मी कागदाला हात लावला नाही. ती परीक्षा वस्तुचित्र किती जमलं हे तपासते, ते तिचं कामच आहे. पण तुमच्या दहा मिनिटांना कुणी ग्रेड देणार नाहीये.

म्हणून पहिले पंधरा दिवस कागदाकडे न बघता काढा. डोळे वस्तूच्या कडेवर ठेवायचे, मुंगी त्या कडेवरून चालली आहे असं धरायचं आणि मुंगीच्याच वेगाने पेन सरकवायचं. मधे पेन उचलायचं नाही, खाली डोकावायचं नाही. पाच मिनिटं पुरे. आलेलं चित्र वेडंवाकडंच असणार, सगळ्यांचंच असतं, कसलेल्या चित्रकाराचंसुद्धा. पण सुरुवातीचा एखाद मिनिटाचा अस्वस्थपणा गेला की श्वास आपोआप संथ होतो. आल्याचा तुकडा, किल्ल्यांचा जुडगा, कढीपत्त्याची काडी अशा ओबडधोबड वस्तू घ्या. वाटी, ताट, बाटली एवढ्यात नको, त्यांच्या गोलाईत जरा चूक झाली तरी डोळ्यांत खुपते.

सामानावर खर्च करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. महागडी वही आणली की तिचं पहिलं पान खराब करायचीच भीती वाटते. शंभरपानी वही आणि बॉलपेन बास. पेन्सिलच हवी असेल तर टूबी, म्हणजे जरा मऊ शिशाची घ्या, पण खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. खोडायला लागलात की बघणं थांबतं आणि दुरुस्ती सुरू होते. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, शेजारी दुसरी ओढा.

मन शांत होतं याला काही आधार आहे का, असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 2016 साली झालेला एक छोटा अभ्यास आहे. 39 प्रौढांना 45 मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांपैकी हवं ते घेऊन काहीही करू दिलं आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. साधारण 75 टक्के लोकांमध्ये ते कमी झालेलं दिसलं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फारसा फरक पडला नाही. 39 माणसांवरून छातीठोक काही सांगता येत नाही, आणि तो नुसत्या स्केचिंगचाही अभ्यास नव्हता. पण नवशिक्यांना यातून काही मिळत नाही, ही समजूत त्याने नक्कीच ढिली होते. मात्र झोपच लागत नाही, छातीत धडधडतं असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा. स्केचिंग त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको.

घरातल्या वस्तू काढून कंटाळा आला की बाहेर पडा. मी रविवारी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर बसते. चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले आणि याच परिसराची निसर्गचित्रं करत राहिले. मला त्यांच्यासारखं काढायचं नाहीये, पण त्याच पाण्याकडे बघत बसायला बरं वाटतं. माझ्या वहीत तलावातला दगडी संध्यामठ कितीतरी वेळा आहे. उन्हाळ्यातल्या पानांवर त्याचे दगडी खांब बरेच दिसतात, पावसाळ्यातल्या पानांवर पाणी वर चढलेलं असतं. मी पाण्याची नोंद ठेवायची म्हणून ठेवली नव्हती, ती झाली.

एकट्याने चारचौघांत काढायला संकोच वाटत असेल तर तुमच्या शहरात ‘अर्बन स्केचर्स’चा गट आहे का बघा. गॅब्रिएल कॅम्पनारिओ या सिॲटलच्या पत्रकाराने 2007 मध्ये इंटरनेटवर सुरू केलेला हा उपक्रम आता जगभर पसरलाय. जागेवर बसून, समोर दिसतं ते काढायचं, एवढीच त्यांची मुख्य अट. तुमच्या-माझ्यासारखी माणसंही त्यात असतात.

घरच्यांना मात्र पहिले काही महिने वही दाखवू नका. ‘छान’ म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या ‘छान’साठी काढायला लागता. पानावर तारीख आणि जागा तेवढी लिहा.

आणि आजच सुरू करायचं असेल तर आत्ता शेजारी चहाचा कप असेलच. आधी कप काढू नका. त्याचा कान आणि कप यांच्या मधली जी रिकामी जागा दिसतेय ना, तेवढीच काढा.