समुद्री विमानांचं खरं कोडं तळाचं होतं

पहिल्या महायुद्धात समुद्री विमानं, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावर उतरणारी विमानं, सुधारली ती फक्त इंजिनं दणकट झाली म्हणून का, हा तुमचा प्रश्न. इंजिनांचा वाटा आहेच, पण माझ्या मते विमानाच्या पाण्याला टेकणाऱ्या तळाची घडण त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

फ्रेंच अभियंते आंरी फाब्र मार्च १९१० मध्ये मार्सेयजवळच्या शांत खाडीवरून अवघ्या ५० अश्वशक्तीवर उडाले. १९१२ मध्ये अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस यांनी होडीसारखं धड असलेलं विमान केलं, तेव्हा मात्र ते वेग घेऊनही पाणी सोडेना. ओल्या ओट्याला चिकटलेली ताटली कडेने हवा शिरल्याशिवाय सुटत नाही, तसंच हे. उपाय निघाला तळाला आडव्या पायरीचा. पायरीपाशी पाण्याचा प्रवाह तुटतो, मागे हवा शिरते, विमान पुढच्या भागावर घसरत राहतं आणि नाक वर करता येतं.

युद्धात ओझं वाढलं. १२ ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत ब्रिटिश वैमानिक एडमंड्स यांनी ‘शॉर्ट १८४’ या समुद्री विमानातून जहाजावर टॉर्पेडो सोडला. हवेतून सोडलेल्या टॉर्पेडोने जहाजाचा वेध घेण्याची ही पहिलीच वेळ. पण तेवढं वजन उचलायला निरीक्षकाला मागे ठेवून, पेट्रोल कमी भरून निघावं लागलं. पाच दिवसांनी त्यांचे सहकारी डेकर इंजिन बिघडल्याने पाण्यावर उतरले, तिथूनच टॉर्पेडो सोडून एक टगबोट बुडवली आणि हलक्या झालेल्या विमानातून परत उडाले!

उत्तर समुद्राच्या लाटांपुढे कर्टिसच्या या होडीसारख्या विमानांचे तळ टिकेनात. तिथे ब्रिटिश नौदलाचे जॉन सिरिल पोर्ट यांचं काम येतं. क्षयामुळे पाणबुड्यांवरची नोकरी सुटलेला हा माणूस इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टोच्या नाविक विमानकेंद्रात एकामागून एक धडं करून पाहत होता. त्यांच्या ‘एफ.२ए’ या विमानाचा तळ खोल व्ही आकाराचा होता. आत लाकडी चौकट, वर प्लायवूड. त्यामुळे होड्या बांधायचा अनुभव नसलेले कारखानेही अशी धडं करू शकले. दोन रोल्स-रॉइस ईगल इंजिनं त्याच धडावर चढली आणि तासन्‌तास पाणबुड्यांचा माग काढणं शक्य झालं. पोर्ट १९१९ मध्ये, जेमतेम पस्तिशीत वारले. विमानांच्या इतिहासात त्यांना कर्टिस यांच्या शेजारची जागा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.