फेब्रुवारीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरताना वसंत लागल्याचं कशावरून ओळखायचं?

आधी वर नाही, खाली बघा. वाटेवर जाड, मांसल पाकळ्यांची लाल फुलं पडलेली दिसली, की डोक्यावर काटेसावर आहे. मग तिथेच दहा-पंधरा मिनिटं उभे राहा. चालण्यापेक्षा जास्त दिसतं. झाडावर पान नसतं, फुलांच्या वाट्यांत भरपूर मध असतो, म्हणून बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पळसमैना सगळे तिथे जमतात, आणि आडोसा नसल्याने दुर्बिणीशिवायही ओळखू येतात. पडलेली फुलं खायला चितळ येतात, तेव्हा बोलणं बंद. मी दर हिवाळाअखेर हेच करतो. बाकीच्या खुणा:

- तांबट पक्ष्याची एकसुरी 'टुक-टुक', ऊन चढलं तरी न थांबणारी
- पळस आणि पांगाऱ्याचा बहर
- कोशिंबाची तांबडी पालवी (लांबून फुलंच वाटतात)

मात्र एकट्या काटेसावरीवर विसंबू नका; ती कधीकधी जानेवारीतच फुलते. कोशिंब लाल झाला, की खरा वसंत. सकाळी लवकर जा. सोमवारी उद्यान बंद असतं.