लेआउटचे शब्द आधी नीट समजून घे

लेआउट म्हणजे मोठ्या जमिनीत रस्ते, प्लॉट पाडून केलेलं रेखांकन. त्याची नियमावली पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे (मुंबईची वेगळी), आणि तिच्या सुरुवातीलाच व्याख्या आहेत. तेवढ्या आधी पक्क्या कर.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘मोकळ्या’ जागांचा. डीपीतलं (शहराच्या विकास आराखड्यातलं) आरक्षण सगळ्या गावासाठी असतं: बाग, शाळा, रस्ता. खुली जागा मात्र त्या लेआउटमधल्या रहिवाशांची. रस्ते-आरक्षणं वजा करून जमीन 0.4 हेक्टर किंवा जास्त उरली, की त्यातली 10 टक्के खुली ठेवावी लागते. सुविधा क्षेत्र हे तिसरंच प्रकरण, ते दवाखाना, बाजार वगैरेंसाठी. नकाशावर तिन्ही रिकामीच दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नकोस, क्षेत्रफळाचा तक्ता वाच. खुल्या जागेवर नंतर प्लॉट पाडून विकलेले मी पाहिलेत, आणि त्यात घर बांधून बसलेल्यांचे हाल बघवत नाहीत.

सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची पट्टी, आपल्याच मालकीचं, फक्त त्यावर बांधायचं नाही. रस्तारुंदीत गेलेली पट्टी मात्र पालिकेकडे जाते.

तात्पुरती मंजुरी म्हणजे मंजुरी नव्हे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगत जा. जागेवर आखणी होऊन, भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाल्यावर रेखांकनाला अंतिम मंजुरी मिळते. एनए म्हणजे फक्त बिगरशेती वापर. एनए आहे म्हणून लेआउट मंजूर आहे असं कुणी म्हणालं, तर आधी मंजूर नकाशाची प्रत माग.