‘जागा नाही’ म्हणलो, तेव्हापासून झोप नाही

“मॅडम, त्या म्हाताऱ्याला मी ‘उद्या या’ म्हणलो. उद्या ते आलंच नाही.”

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले हे गृहस्थ पन्नाशीचे, परभणी-नांदेड पट्ट्यातल्या एका बेघर निवाऱ्याचे काळजीवाहक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खाटा 30, त्या रात्री माणसं 39. बाहेरच्यांना मराठवाडा म्हटलं की ऊनच आठवतं, पण परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की काय होतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तीन आठवडे हे गृहस्थ रात्री दोनला उठून फाटकापर्यंत चक्कर मारत होते. घरी बायकोशी बोलणं जवळपास बंद.

आधी माझी चूक सांगते. मी त्यांना आठवडाभर सुट्टी घ्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते कामावर हजर! घरी पांघरुणात शिरलं की म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहायचा.

थंडीत अशा कामातली माणसं हमखास विचारतात: आहे ते पुरत नाही, कुणाला तरी परत पाठवावं लागतं, ते मनातून काढायचं कसं? दुसऱ्या भेटीत मी उलट विचारलं, “‘नाही’ कुणी ठरवलं?”

“मीच की. दारात मीच होतो.”

खरी गाठ इथे होती. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात एक लाख वस्तीमागे किमान 100 माणसांच्या निवाऱ्याची सोय धरलेली होती. गावाची वस्ती लाखावर आणि खाटा 30. अख्ख्या गावाची तूट रात्री अकराला एकटा माणूस दारात स्वतःच्या अंगावर घेत होता. ते ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे संस्थेच्या मीटिंगमधी बोलाय पाहिजे.”

बोलले. ठरलं ते असं की थंडीच्या रात्री दारातून कुणाला परत पाठवायचं नाही. खाटा म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बायांना, बाकीच्यांना हॉलमध्ये जमिनीवर जागा. ब्लँकेटं कमी होती, पण वरून दुसरं पांघरूण शोधण्याआधी खाली बारदान, पुठ्ठे, जुनी वाकळ घाला, असं मी सुचवलं. गार फरशी खालून ऊब ओढून घेते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचं त्यांच्या मनात होतं, त्याला मात्र मी सरळ नाही म्हटलं. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो.

वाद झाला तो दारूवर. ‘पिऊन आलेल्यास प्रवेश नाही’ असा तिथला जुना नियम. पण दारूने अंग गरम वाटतं तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलून आतली ऊब बाहेर पडत असते. म्हणजे त्या रात्री सगळ्यात जास्त धोका त्याच माणसाला. शेवटी दाराजवळ वेगळी सतरंजी ठरली, एका कुशीवर झोपवायचं आणि अधूनमधून बघायचं. कुडकुडणं थांबून माणूस बरळायला लागला तर चहा पाजत बसू नका, 108 ला फोन करा, हेही सांगितलं. आणि रात्री अडलं तर विचारायला मीटिंगमधल्याच एकाचा फोन चालू राहील, असं ठरलं. माझ्या मते त्यांना सगळ्यात जास्त उपयोग या फोनचा झाला.

ब्लँकेट वाटणारे डिसेंबरात फोटोसकट येतात. साबण कुणी आणत नाही. एकच पांघरूण अनेकांनी घेतलं की खरूज पसरते, आणि ती पांघरुणं धुवायलाही साबण नसतो. हे त्यांनी घरी सहज बोलून दाखवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोने मध्येच विचारलं, “मग संक्रांतीचं वाण साबण अन् मोज्यांचं लुटलं तर?” गल्लीतल्या बायकांनी रथसप्तमीपर्यंत तेच लुटलं. प्रत्येकीने एक जोड निवाऱ्यासाठी वेगळा काढला.

म्हाताऱ्याला शोधायला जाऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. “जा, पण एकटे नको,” मी म्हटलं. दोनदा ते स्टेशनवर जाऊन आले. सापडला नाही. रात्री दोनला जाग अजून येते. अशा वेळी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी त्यांना लिहून दिला आहे. अजून लावलेला नाही म्हणतात. बायको जागी असते, तिच्याशी बोलतात.