1000 यार्डाला .308, 6.5 क्रीडमूर की मॅग्नम? आधी वारा बघा

अरे, म्हणजे तुझा फिनिक्सचा ग्रीनकार्डवाला मावसभाऊ बेन ॲव्हरीच्या 1000 यार्ड रेंजसाठी पहिली रायफल घेतोय, आणि .308, 6.5 क्रीडमूर, .300 विन मॅग की .338 लापुआ यातलं कुठलं काडतूस यावर तुमची रोज फोनवर जुंपते, असंच ना? त्याला सांग 6.5 घे. पुढचं वाचायचा कंटाळा असेल तर इथेच थांब.

तुम्ही दोघंही भांडताय ते ताकदीवर, कुठली गोळी किती जोरात लागते त्यावर. कागदाला भोक पाडायला जोर कशाला लागतो रे. आणि गोळी किती खाली पडते हाही मोठा प्रश्न नाही, अंतर माहीत असलं की स्कोपचा टरेट, म्हणजे वरची फिरकी, तेवढी फिरवली, झालं काम. फिरवून भागत नाही ते वाऱ्याचं, कारण वारा प्रत्येक शॉटला बदलतो आणि तो आपल्यालाच वाचावा लागतो. आता बघ, ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा धर, म्हणजे त्यांच्या भाषेत 10 मैल. .308 ची 175 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) मॅच गोळी 1000 यार्डाला साधारण 8 फूट सरकते, 6.5 ची 140 ग्रेनची 6 फुटांच्या जरा आत. म्हणजे वाऱ्याचा अंदाज नुसता 1 मैलाने चुकला की .308 जवळजवळ 10 इंच बाहेर, 6.5 सुमारे 7 इंच. आणि तिकडच्या एफ-क्लासच्या (लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा एक प्रकार) टार्गेटवर 1000 यार्डाला दहाचं वर्तुळच मुळी 10 इंच व्यासाचं, म्हणजे मधून 5 इंच. दहा दोघांचाही गेला, पण 6.5 चा नऊ आरामात लागेल आणि .308 चा नऊच्या काठावर, जरा अजून चुकला की आठ, दिवसभरात हेच साठत जातं.

हे होतं कशामुळे, तर 6.5 ची गोळी लांब आणि बारीक, हवा तिला कमी अडवते. .308 ची 175 ग्रेनवाली 1000 यार्डापर्यंत पोचता पोचता आवाजाच्या वेगाजवळ येऊन ठेपते आणि तिथे गोळ्या डगमगतात, 6.5 वाली तो वेग आणखी दोन-तीनशे यार्ड तरी धरून ठेवते. हॉर्नेडीने 2007 मध्ये हे काडतूस काढलं ते मुळात टार्गेट शूटिंगसाठीच. तसं .260 रेमिंग्टन आधीपासून होतं आणि ताकदही जवळपास तेवढीच, पण लांब गोळी बसवली की .308 च्या मॅगझिनमध्ये मावेना, मग गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळीत, खोल ढकलावी लागायची. क्रीडमूरची केस थोडी आखूड केली आणि तो त्रास संपला. नाव पडलं न्यूयॉर्कजवळच्या जुन्या रेंजवरून, 1874 मध्ये आयरिश आणि अमेरिकन टीमची मॅच झाली होती तीच, तेव्हाही 800, 900 आणि 1000 यार्डालाच.

झटक्याचं कोणी बोलत नाही बघ. 6.5 चा झटका .308 पेक्षा बराच कमी, त्यामुळे गोळी कुठे लागली ते स्कोपमधून स्वतःला दिसतं आणि पुढचा शॉट तिथल्या तिथे सुधारता येतो. .300 विन मॅगमध्ये टार्गेट डोळ्यासमोरून उडतं आणि तासाभराने माणूस ट्रिगरला घाबरायला लागतो, मोठमोठे फौजी गडी मी असे डोळे मिटताना पाहिलेत. .338 तर राहूच दे, एका राउंडला 90 ग्रेनच्या आसपास पावडर खाते, 6.5 ला 41-42 पुरते. ती 1500 मीटर आणि त्याच्या पुढची गोष्ट.

.308 च्या बाजूने दोनच गोष्टी, पण दोन्ही खऱ्या. बॅरल खूप टिकते, नेमबाज साधारण 5000 राउंडचा हिशोब धरतात, 6.5 ला अडीच-तीन हजारांत नवी बघावी लागते. आणि भाऊ पुढे एफ-टीआर (एफ-क्लासचाच एक गट) खेळणार असेल तर तिथे .223 आणि .308 सोडून काहीच चालत नाही, मग वाद मिटला. नियम आधी वाचायला सांग आणि मग दुकानात जाऊ दे.

अजून एक, फिनिक्सच्या उन्हात राउंडचा डबा उघडा ठेवायचा नाही म्हणावं. पावडर तापली की वेग वाढतो, तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून ठेवला तरी तेच. वेगात राउंडागणिक सेकंदाला 30 फुटांचा फरक पडला तर .308 ला 1000 यार्डावर 9-10 इंच वरखाली होतं, आणि मग माणूस बिचाऱ्या स्कोपला शिव्या देतो.

आता तुझं. इथे भारतात .308 चं स्वप्न सोड, ती म्हणजे व्यवहारात फौजेचीच 7.62 मिलिमीटरची, आणि फौजी बोअर, म्हणजे लष्करी मापाची बंदूक, साध्या लायसन्सवर मिळत नाही. दुकानातली .315 म्हणशील तर ती लांब नेमाची वस्तूच नाही. पण तुझ्या हातात .22 आहे ना, तिला कमी समजू नकोस. तोच 16 किलोमीटरचा वारा 50 मीटरला तिची गोळी अडीच-तीन सेंटीमीटर ढकलतो, सरळ दहाचा सात. 200 यार्डाला तर अंतराच्या प्रमाणात ती वाऱ्यात जवळपास तेवढीच वाहते जेवढी 6.5 हजाराला. महूला आर्मीच्या मार्क्समनशिप युनिटमधल्या पोरांना वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघत बसलेलं बघशील तर कळेल, ट्रिगरपेक्षा जास्त वेळ तिकडेच जातो. आपल्या माळव्यात मे महिन्यात दुपारी जी लू सुटते ना, बाकीचे सावलीत ताक पीत बसतात त्या वेळेस तू रेंजवर जा. टार्गेटच्या अलीकडे दोन-तीन ठिकाणी रिबिनी लाव, प्रत्येक शॉटच्या आधी वाऱ्याचा आकडा वहीत लिही आणि मगच गोळी सोड, नंतर लिहिलास तर आकडा आपोआप बरोबरच येतो.

भाऊला स्कोपचं बजेट किती ठेवलंय ते विचारून इथे टाक, सगळे पैसे रायफलमध्ये घातले असतील तर थोडं मागे घ्यावं लागेल.